कागद छातीशी

मास्तर, आज कचेरीत मी विधिमंडळाच्या नव्या लघुलेखकांना शिकवत होतो. एकाने मजकूर वाचून दाखवताना कागद तोंडापुढे धरला आणि मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचाऱ्याच्या हातून कागदच गळाला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. खेकसण्याचं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

लोणावळ्याला तुमच्या स्वयंपाकघरात रविवारी आपली शिकवणी चालायची. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापताहेत, मी पाटावर बसून जुनी भाषणं वाचतोय आणि तुम्ही मांडीवर वही घेऊन लघुलिपीत उतरवून घेताय. मग तुम्ही वाचायचं, मी लिहायचं. "कागद छातीशी धर. तोंड झाकून काय वाचतोस, नव्या नवरीसारखा?" हे तुमचं ठरलेलं. मला वाटायचं, ही शिस्त असेल. सभागृहातही तुम्ही बोलणाऱ्याच्या अगदी समोरची खुर्ची धरायचात आणि एखादा झुपकेदार मिशांचा सभासद उठला की तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आम्ही मागे बसून त्यावर हसायचो. एवढं सगळं डोळ्यांपुढे असून मला काही कळलं नाही, याची आजही लाज वाटते.

पुढे सभासद मराठीतून जास्त बोलू लागले. काम सुधारायचं म्हणून सगळ्या लघुलेखकांची परीक्षा घ्यायचं वरून ठरलं. जो मागे पडेल त्याने घरी बसायचं. पुण्याला पावसाळी अधिवेशन भरलं होतं, तिथेच परीक्षा झाली आणि मजकूर वाचायला नेमलं मला. ज्यांनी माझ्या हाती पेन्सिल दिली त्यांची परीक्षा मी घ्यायची! तुमच्या नजरेला नजर देववेना. मी कागद उचलून तोंडापुढे धरला आणि शेवटपर्यंत तसाच वाचत गेलो. कागद खाली केला तेव्हा तुमची पेन्सिल केव्हाच थांबलेली होती. तुम्ही रागावलेले दिसत नव्हतात. नुसते माझ्याकडे बघत होतात.

तुम्ही लोणावळ्याला परतलात आणि तुमची खुर्ची मला मिळाली. पाऊस सरता सरता भेटायला आलो. परसात तुम्ही पाठमोरे, दोडक्याच्या वेलाला मांडव बांधत होतात. मी दोनदा हाक मारली. काकू मूळच्या जवळच्या वराळे गावच्या, त्या दारातून म्हणाल्या, "आरं, मागनं वरडून काय उपेग? म्होरं जा, तोंड दिसंल आसं हुबं ऱ्हा. लय वरसं झाली, त्यास्नी ऐकू येत न्हाई. तुला ठावं न्हाई व्हय?"

कसाबसा पुढे आलो. मला बघून तुमचा चेहरा खुलला. "जेवूनच जा," म्हणालात. परीक्षेचा विषय तुम्ही काढला नाहीत. मी वाकलो, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं बोललो. चुकलो म्हणालो. परीक्षा पुन्हा घ्या असं उद्याच कचेरीत सांगतो, या खेपेला कागद छातीशी धरून वाचतो, असंही म्हणालो. उठल्यावर तुम्ही विचारलंत, "काही बोललास का?" मी नकारार्थी मान हलवली. मग आपण जेवायला बसलो.

कचेरीत मी कधीच काही सांगितलं नाही. आणि मास्तर, वाकून बोललेलं तुम्हाला कळणार नाही, हे मला वाकण्याआधीच ठाऊक होतं.