पोटरीवरचा बुद्ध

विचित दादा,

फुकेतहून तू पाठवलेला परदेशी पाहुणा काल आला आणि बसल्या बसल्या त्यानं पाय माझ्या मांडीवर टेकवला. त्याला पोटरीवर बुद्ध गोंदून हवा होता. मी म्हटलं, "पाठ पुढे कर, नाहीतर वाट धर." तो निघून गेला.

लगेच तुझा फोन. "गिऱ्हाईक परत पाठवणारी तू कोण? बाईचा हात लागला की गोंदलेल्या मंत्राचं तेज जातं, बाबा सांगायचे ना?"

मी फोन ठेवला. हे पत्रही पाठवणार नाही, तू आलास की समोर वाचून दाखवीन.

सांगायचे खरे. पण शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनीच आपली गोंदायची सुई माझ्या हाती दिली. तू तेव्हा फुकेतला लोकांच्या गुडघ्याखाली बुद्ध बसवत होतास. बाईच्या हातानं तेज जातं, आणि बुटाशेजारी बसवून वाढतं होय रे?

गुरुवारी गुरुपूजा आहे. बाबांनी गोंदलेले सगळे येतील. तुझ्या पाठीवरही त्यांचाच वाघ आहे, तेव्हा तूही ये. बाबांच्या आसनावर मी असेन. समोर बसताना पाय मागे दुमडून बस.

मालिवन