खालचा थर

धायरी,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय कादंबरी,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी ती रोज टेकडीवर जाते आणि आल्यावर टेकडीलाच नावं ठेवते. तू वाघोलीला, मी इथे. एकाच शहरात राहून पत्र लिहितेय, कारण फोनवर मी विषय बदलते. तुला माहीतच आहे.

माझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहून तू मेसेज केलास, ‘छान झालं. खालचा थर फार आवडला.’ अकरा दिवस झाले. मी नुसता अंगठा पाठवला.

अपघातानंतर तुझं डावं मनगट वळेना, आपली चेलोची जोडी थांबली आणि मी ते लूपचं पेडल घेतलं. त्यावर पाय दिला की वाजवलेली ओळ टिपली जाते आणि फिरत राहते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. एकटीने चौघींचं वाजवायचं. पण चुकलेला सूरही दर बारा सेकंदांनी परत येतो गं. पहिल्याच कार्यक्रमात माझा खर्जातला षड्ज उतरला आणि शेवटपर्यंत तसाच ऐकू येत राहिला. पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, “मशीन बिघडलंय वाटतं.” मशीन ठणठणीत होतं.

त्यानंतर खालची ओळ मी रंगमंचावर कधी वाजवलीच नाही. आवाज न काढता नुसता गज फिरवला. ओळ पेडलमध्ये आधीच भरलेली असायची.

ती तुझी होती. मला घरी सराव करता यावा म्हणून तू एकटीने वाजवून दिली होतीस, तीच. दोन वर्षं, नऊ कार्यक्रम. निवेदक दर वेळी सांगतो, “सगळं एकटीने, इथेच, तुमच्यासमोर!” आणि मी मान लववते.

तुझ्या मेसेजनंतर मी आपल्या बद्रीनाथ सरांकडे गेले. तेही त्या कार्यक्रमाला होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “करंगळी जरा उशिरा पडते, ती कादंबरीची. आठ वर्षं मी ती सवय मोडायला बघत होतो. मला ओळखू येणार नाही?”

“मग सर, तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुझी वाट बघत होतो. आणि मला सांगून काय उपयोग? माझं थोडंच चोरलंयस?”

तिथून निघून जानेवारीतल्या महोत्सवाच्या संयोजकांना खरं सांगितलं. “लोकांना काय कळतंय, मॅडम? चालतं हो,” म्हणाले. मी कार्यक्रमातून नाव मागे घेतलं. व्हिडिओखाली तुझं नाव आणि माझी लबाडी, दोन्ही लिहिलंय. लोकांनी मला जे ऐकवलंय ते वाचू नकोस. बरंचसं बरोबर आहे.

इथेच पत्र संपवणार होते. तेवढं सोपं गेलं असतं.

पण दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी ‘आता हात एवढाच चालेल’ म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात तू विचारलं होतंस, “स्पृहा, माझं वाजवलेलं काही उरलंय का गं तुझ्याकडे? एकदा ऐकायचंय.” मी म्हणाले, “नाही गं, फोन बदलला तेव्हा सगळं गेलं.” तू “असू दे” म्हणालीस आणि चहा टाकलास. गाळणं तुला धरता येईना म्हणून मी धरलं. त्या वेळी ते पेडल खाली माझ्या गाडीच्या डिकीत होतं. तुझ्या ओळीसकट.

तुला दिलं असतं तर मला ते वापरता आलं नसतं. एवढंच कारण होतं. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. पेडलमध्ये तुकडाच फिरायचा, हे तुझं मूळ रेकॉर्डिंग, पूर्ण साडेचार मिनिटं. शेवटी तू खोकतेस आणि विचारतेस, “परत घेऊ का?” त्यावर माझा आवाज आहे, “नको, मस्त झालं.” तेही कापलेलं नाही.

उत्तर दे असं म्हणणार नाही. ऐक मात्र.

तुझ्या वाट्याच्या टाळ्या घेतलेली,
स्पृहा