न आलेली टीम

शुक्रवार, सांजच्याला

नात शीतलनं मोबाइलात विलायतेतल्या एका जुन्या फुटबॉल क्लबाचं वाचून दाखवलं. लीगमधी सारखे हरले, तरी कपात पुढं गेले. काहून, तर समोरची टीम आलीच न्हाई. तवापासून तेच डोक्यात घुमतंय. आली न्हाई म्हंजी काय? कोणाच्या बापानं अडवलं?

परवा शीतलचीबी हिंगोलीत कपाची मॅच हाय. अकराच पोरी, एक कमी पडली की टीम मोडली. अन् माझा लेक म्हणतो, "हळद शिजवायची हाय, जायचं न्हाई."

मी म्हणलं, "कढईखाली जाळ मी घालते."

"माय, तुझे गुडघे?"

"गुडघ्यानं जाळ घालतात का रे?"

अजून हो म्हणला न्हाई. शीतलला मात्र मी सांगून टाकलं, बाप हो म्हणलाय.