उतरणीच्या तळाशी

मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. उतरणीचा पत्रा तिसऱ्यांदा मोजत होतो.

प्रिय ताई,

लांबी चार मीटर, वरच्या टोकाची उंची दोन मीटर. तिन्ही वेळा तेच आलं. तू एकदाच मोजली होतीस, तेही मालकाशी गप्पा मारत. मोजमाप बरोबर होतं, हे मान्य. तुझं सगळंच बरोबर असतं, हाच तुझा रोग.

मामाला एकाच्याच शिक्षणाचा खर्च झेपणार होता. गणित तुला यायचं, म्हणून कॉलेजात तू गेलीस आणि बर्फाच्या कारखान्यात मी. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. तुझी जुनी पुस्तकं मी वाचायचो. म्हणून तू इंजिनिअर होऊन, पांढरं हेल्मेट घालून आमच्याकडे आलीस, मालक 'मॅडम, मॅडम' करत मागे फिरू लागला, तेव्हा तू काय बोलतेस ते तिथे एकट्या मलाच कळतंय, असं मला वाटलं. केवढा मूर्खपणा.

आधी उतरण लाकडी होती, वर भुसा टाकलेला. बर्फाची लादी रखडत यायची. एकशे तीस किलोची पूर्ण लादी दोघं जण दोर लावून सोडायचे, मोकळी सोडायची ती फक्त अर्धी. खाली लादी अडवायला लोखंडी आकडा घेऊन मामा उभा, गेली तीस वर्षं. मालकाला घाई झाली आणि तू पत्रा ठोकून घेतलास. ओल्या पत्र्यावर बर्फ, घर्षण जवळजवळ शून्य, पुस्तकातलं गणितच उभं राहिलं. मग भिंतीवर खडूने चित्र काढलंस. एक ठोकळा, त्याला दोन बाण. एक सरळ खाली, वजनाचा. दुसरा पत्र्याला काटकोनात, पत्रा ठोकळ्याला रेटतो तो. वजनाचा जो हिस्सा उताराच्या दिशेने पडतो तेवढाच लादीला ओढतो. लादी दुप्पट तर ओढ दुप्पट, पण हलवायचा मालही दुप्पट, म्हणून लहानमोठ्या लाद्या एकाच वेगाने येणार. "वजन कटतं," म्हणालीस. अर्धी आणि पूर्ण लादी शेजारी शेजारी सोडून दाखवलीस. दोन्ही एकदमच खालच्या गोणपाटाच्या ढिगात घुसल्या. टाळ्या पडल्या. मामा रडायचाच बाकी होता. मामीला, दूधवाल्याला, दिसेल त्याला सांगत सुटला की भाचीने वजनच काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने दोर काढून घेतला आणि एक माणूस कमी केला. वजन कटलं तर दोर कशाला? तू तिथेच होतीस, चहा पीत. तुझ्या चित्रात उतरण संपते तिथे भिंत संपते, तळाशी कोणी उभं नसतं. लादी त्याच वेगाने येते हे खरं, पण थांबवणाऱ्याच्या अंगावर ते कटलेलं वजन सगळंच्या सगळं परत येतं. पुढच्याच धड्यात आहे. मी तो काल वाचला. तू तो कधीच वाचला होतास, त्यात तुला पैकीच्या पैकी मार्क होते. म्हणून तुझी कीव येत नाही, किळस येते. माणसं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तू शिकलेली, तू मामाच्या पायावर पाडलास.

माझीही किळस येते. वरच्या टोकाला मी होतो. दोनदा विचारलं, अर्धी सोडू का. मामा खालून हसला. "अरे घाबरटा, अर्धी काय नि पूर्ण काय, ताईने शिकवलं ना? सोड." मी सोडली. खाली पोचायला सव्वा सेकंद लागतो. हे गणित मी नंतर केलं.

काल तुझ्या ऑफिसचा माणूस कागद घेऊन आला. वर तुझी सही, खाली माझ्यासाठी रेघ. रचना निर्दोष होती आणि कामगार स्वतःच्या बेफिकिरीने चुकीच्या जागी उभा होता, असं त्यात आहे. मी सही केली की तुझी नोकरी वाचते आणि मामाची भरपाई बुडते. तीस वर्षं मामा त्याच जागी उभा होता, तुझी फी तिथूनच भरली गेली. त्याला तू 'कामगार' लिहिलंस. कागद सोबत परत पाठवतोय, रेघ कोरी आहे. माझा जबाब मी आज सकाळी दिला. पहिलं वाक्य, लादी मी सोडली. दुसरं, दोर काढला तेव्हा ताई तिथे होती. मामाला यातलं काही सांगितलेलं नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो अजून सांगतो, भाचीने वजन काढून टाकलं.

तुझाच,
धाकटा

खर्च: दोर, पंधरा मीटर, चारशे वीस. भुसा, दोन पोती, साठ. टपाल, बावीस. हे मी भरले.
तुझ्याकडून येणे: मामाचा डावा पाय, गुडघ्याखालचा.