दोन गोळ्या

वहिनी,

दादा गेला, आणि तू अजून भेटायला येईल त्याला तेच सांगतेस, ‘ते शुद्धीवर होते, नीट बोलत होते, म्हणून मी ग्लास काढून घेतला नाही.’ स्वतःलाच किती कोसशील?

त्या दुपारी जेवणाआधी दादा माझ्या खोलीत आला होता. क्रेनवर सलग दोन पाळ्या करून आलेला, डोळे मिटत होते. म्हणाला, ‘शेंडेफळा, तुझी ती लक्ष लागायची गोळी दे, झोप उडेल. मित्र जमलेत, मी दोन घोटांत आडवा होईन.’

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, या गोळीवर दारू नको. चढलेली कळत नाही, माणूस पीतच राहतो आणि हृदयावर ताण येतो. मला हे तोंडपाठ होतं. तरी मी हसत दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

म्हणून तो ताठ बसला होता, वहिनी. जिन्यात कोसळेपर्यंत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘दारूशिवाय काही घेतलं होतं?’ तू ‘नाही’ म्हणालीस. मी शेजारीच उभी होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित त्यांनी वेगळे उपचार केले असते.

काल तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ‘तू होतीस म्हणून मी तगले गं.’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हे वाचलंस तर तू सुटशील. पण मग मला तू उरणार नाहीस. तेवढ्यासाठी मी तुला अजून अडकवून ठेवलंय.

तुझी,
नणंद