वायरलेसच्या लाँचीची मोटार

बाबा, त्या मोटारीला तेल मी लावलं होतं. आधी हेच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि हे राहून जाईल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी हे लिहायची भीती वाटते. चौथीपर्यंतची शाळा, त्यात ही भीती. अक्षर लागेल तसं लावून घ्या.

आपल्या रेडी बंदराला तेव्हा खनिज न्यायला बोटी समुद्रात उभ्या राहायच्या. त्यातल्या एका बोटीवरचा साहेब हातभर लांबीची खेळण्यातली लाँच घेऊन तुमच्याकडे आला. वायरलेसवर चालणारी. हातातल्या डब्याचं बटण दाबलं की पाण्यातली लाँच वळायची म्हणे, पण आता ती ऐकत नव्हती. तुम्ही मोठ्या लाँचींची इंजिनं खोलणारे, त्या अंगठ्याएवढ्या मोटारीवर दोन दिवस वाकून बसलात. आई म्हणते, "जेवूक येतास, काय तिच्यावांगडाच संसार करतास?" तुम्ही वर बघत नाही. आतल्या तांब्याच्या गोलाला बारीक कागदाने घासता, खाचांतली काळी भुकटी बांबूच्या काडीने काढता. त्या गोलावर टेकणारे कोळशाचे दोन तुकडे झिजले होते. मोठ्या मोटारीतला जुना तुकडा दगडावर घासून तुम्ही चण्याच्या डाळीएवढे दोन नवे केलेत. "कोळसो नीट टेकलो नाय तर ठिणग्यो उडतत. ठिणगी उडली काय वायरलेस बहिरो," मला म्हणालात. मी बोट पुढे केलं तर फटका बसला. "हात लावू नको गो!"

मग तुम्ही आंघोळीला गेलात. मोटार पाटावर, उघडी, कोरडी ठणठणीत. आपल्याकडचा खारा वारा. कोयता असो, विळी असो, कुलूप असो, खोबरेल चोपडल्याशिवाय आपण काही ठेवत नव्हतो. मला वाटलं, तुम्ही विसरलात. बारा वर्षांची होते, धीर कुठला. तांब्यावर, कोळशावर, सगळीकडे तेलाचं बोट फिरवलं. तेलाने कोळसा नीट टेकत नाही, ठिणग्या उडतात, हे मला फार नंतर कळलं. साहेब दारात आला तसं तुम्ही घाईघाईने झाकण लावलंत. आत बघितलंच नाहीत.

खाडीवर सगळी वाडी जमलेली. लाँच सुटली, एक झोकदार वळण घेतलं, आणि तिच्या पोटातून धूर यायला लागला. साहेब बटण दाबतोय, ती सरळ खाडीच्या तोंडाकडे. "मेस्त्री, तुमची बोट चलली मुंबयक!" शेजारचा काका ओरडला आणि सगळे हसले. ओहोटी लागलेली. तुम्ही कपड्यांनिशी पाण्यात शिरलात. आता कोणी हसत नाही. तुमचं डोकं दिसतं, लाटेखाली जातं, परत दिसतं, मग दिसत नाही. काका होडी ढकलतोय, "धरा रे, मेस्त्री गेलो!" आई वाळूत मट्‌कन बसली. मी हात परकराला पुसत होते, पुसतच होते.

काकाने तुम्हाला केसांना धरून ओढलं. खोकत, ओकत किनाऱ्यावर आलात, लाँच काखेत. मोडक्या हिंदीत साहेबाला सांगितलंत, "चूक माझी, कोळसा नीट बसला नसेल." त्यानंतर बारीक काम तुम्ही घेतलंच नाहीत. कोणी काही आणलं तर म्हणायचात, "माझो हात आता ऱ्हवलो नाय." मी चुलीपाशी बसून ऐकायची. दर वेळी वाटायचं, आता उठून सांगावं. दर वेळी चुलीत आणखी एक लाकूड सारायची.

हा कागद पाकिटात जायचा नाही. पण अजून एक राहिलंय. त्या दिवशी मी किनाऱ्यावर ऊर बडवून रडले. आई मरेपर्यंत लोकांना सांगायची, "पोरीचो बापाशीर केवढो जीव!" बाबा, तुमचं डोकं खाली गेलं ना, तेव्हा मला वाटलं होतं, सुटले, आता तेल कोणी लावलं हे बाबा विचारणार नाहीत. क्षणभरच वाटलं. रडू त्यानंतर आलं.