मुक्ताची फ्रेंच सिंफनी

कुवेत, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

शाळेतल्या संगीताच्या बाईंनी मुक्ताला विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक फ्रेंच सिंफनी कॅसेटवर दिलीय. आठ दिवस घरात तीच. इथे आल्यापासून मी या पोरीला गाणं शिकवतेय, पण डोळे मिटून ऐकताना तिला आज प्रथमच पाहिलं.

सुरुवातीला खर्जातले चार काळोखे सूर. तेच पुढे बासरीवर हळवे होतात, शेवटी पितळी वाद्यांत लखलखतात.

"आई, लिसन! इट्स द सेम ट्यून!"

"कळतंय मला," मी फटकारलं. तिचा चेहरा उतरला.

कळत होतं, म्हणूनच जळत होते. माझा यमन तिला असा का नाही भिडला? मीच कमी पडले?

ती खाली खेळायला गेल्यावर कॅसेट गुपचूप लावली. ते चार सूर आले आणि मला रडूच फुटलं. त्या बाईंचा इतका राग याआधी कधी आला नव्हता.